चिक्कोडी ते वास्को: नव्वद लिटरची घट

"टँकर लाईन म्हणजे बसून खायची नोकरी. भरणार ते, उतरवणार ते, तू नुसतं स्टिअरिंग धर." खानापुरातल्या आमच्या एका मामांचं हे वाक्य ऐकून मी डंपर सोडला. मामांनी टँकर सोडून पंधरा वर्षं झालीत, हे मला नंतर कळलं.

हे लिहितोय ते हेवी लायसन असलेल्या, घाटात गाडी चालवलेल्या माणसासाठी. गिअर कधी पाडायचा हे शिकवायला मी बसलेलो नाही.

आधी लायसनवर हॅझार्डसची, म्हणजे धोकादायक माल नेण्याची, नोंद लागते. त्यासाठी 3 दिवसांचं ट्रेनिंग असतं. नोंद 3 वर्षं चालते आणि पुढे नूतनीकरणाला एक दिवसाची उजळणी करावी लागते. नियमात लिहिता-वाचता येण्याची अटही आहे: घटनेच्या आठव्या परिशिष्टातली एक भारतीय भाषा, शिवाय इंग्रजी. म्हणजे मराठी चालते. तरी नाक्यावर चार वाक्यं कन्नड बोलता आलं की काम अर्ध्या वेळात होतं, हा माझा अनुभव. मी एजंटाला 6500 रुपये मोजले. हातात पावत्या आल्यावर बघतो तर निम्म्याहून जास्त त्याच्याच खिशात. ट्रेनिंगची संस्था स्वतः गाठा, फॉर्म स्वतः भरा, एक दिवस जास्त गेला तर जाऊ दे.

काम मिळालं ते बेळगावच्या ऑटोनगरात, एका गॅरेजवाल्याच्या ओळखीनं. जाहिरात बघून कुणी टँकर देत नाही, ओळखीचा माणूस लागतो. शिवाय पोलीस व्हेरिफिकेशन, मेडिकल आणि ट्रायल. ट्रायलला मालकानं हायवेवर नेलंच नाही. दोन गाड्यांच्या फटीत दहाचाकी रिव्हर्स लावायला सांगितली आणि स्वतः चहा पीत बसला. पगार 25 हजार ऐकून गेलो होतो, ठरला 15 हजार आणि फेरीला 700 भत्ता. नुकसानभरपाईबद्दल मी काहीच विचारलं नाही. चूक तिथेच झाली.

पहिले पंधरा दिवस निपाणी, कोल्हापूर अशा फेऱ्या झाल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग जानेवारीत वास्कोची फेरी आली. चिक्कोडी तालुक्यातल्या एका साखर कारखान्यातून इथेनॉल भरायचं, गोव्यातल्या डेपोत पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी पोचवायचं. 20 हजार लिटर, पाच-पाच हजारांचे चार कप्पे.

गेटवर मोबाईल आणि काडीपेटी जमा. सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणगी अडवणारी जाळी, नसेल तर गाडी आत घेत नाहीत. अर्थिंगची क्लिप (टाकीवरची वीज जमिनीत सोडणारी) आधी, झाकण नंतर, यात घाई करू नका. इथेनॉलची ज्योत भर उन्हात डोळ्यांना धड दिसतही नाही. सकाळी दहाला नंबर लावला, भरून झालं दुपारी तीनला. टाकीवर हात ठेवला तर चटका बसत होता. सील लागली, डिप (टाकीत पट्टी बुडवून घेतलेलं लिटरचं माप) लिहिला, काटा झाला, म्हणजे गाडीचं वजन झालं. माझी सही घेतली आणि मी निघालो.

संकेश्वर, हत्तरगी, बेळगाव, खानापूर इथपर्यंत रस्ता लोण्यासारखा. गणेबैलला टोल भरताना वाटलं, मामा खरं बोलत होते. तो टोल वसूल कुठे होतो आणि भोगायचं कुठे, ते रामनगर ओलांडल्यावर कळतं.

रामनगर ते अनमोड, गोव्यात उतरणाऱ्या घाटाच्या आधीचा पट्टा. तिथे मला साडेतीन तास लागले. अर्धा रस्ता खोदलेला, अर्धा उखडलेला, पुढच्या ट्रकच्या धुळीत टेललाईटसुद्धा दिसत नाही. पहिल्या गिअरमध्ये चालायचं, थांबायचं, परत चालायचं. त्यात एका ट्रकचा पाटा तुटला आणि दोन्हीकडून रांग लागली. क्लीनर उतरून पुढे गेला आणि येऊन म्हणाला, "अण्णा, जेवून घेऊया." बाजूला जंगल, मोबाईलला रेंज नाही, गाडी सोडून झोपता येत नाही कारण मागे 20 हजार लिटर स्पिरिट. या पट्ट्यात टँकर रात्री घालू नका. दुसरं काही विसरलात तरी चालेल.

घाट उतरताना मात्र त्रास झाला नाही. कप्पे भरलेले असले की माल हलत नाही. मळीच्या गाडीचं तसं नसतं. मळी लिटरला 1.4 किलोच्या आसपास भरते, त्यामुळे वजनाच्या मर्यादेत टाकी पूर्ण भरता येत नाही आणि अर्धवट टाकीतली मळी प्रत्येक वळणावर गाडीला ढुशी देते. पहिल्या वर्षी मळीची गाडी घेऊ नका. मालक घ्या म्हणाला तरी नको.

मोलेला पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. डेपोत रात्री उतरवत नाहीत. फोंड्याच्या पुढे गाडी लावून दोन तास डोळा लागला, पहाटे रांगेत उभा राहिलो. सकाळी सातला, गार हवेत, डिप टाकला.

नव्वद लिटर कमी.

सील चारही शाबूत. तरी तिथला माणूस माझ्याकडे बघत राहिला. मालकाचा फोन आला, "रामनगरला किती वेळ थांबलास रे?" जीपीएसवर त्याला साडेतीन तासांचा थांबा दिसत होता. जंगलात, रात्री. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. लिटरला साठ रुपये धरून 5400 माझ्या पगारातून कापले.

खरं काय झालं ते मला एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं डेपोबाहेरच्या टपरीवर सांगितलं. इथेनॉल तापलं की फुगतं, गार झालं की आकसतं. एका अंशाला हजार लिटरमागे साधारण 1.1 लिटर. वीस हजारावर होतात 22 लिटर. दुपारी तीनच्या उन्हात भरलेला माल रात्रभर घाटात गार होऊन चार अंश उतरला, तर 88 लिटर डिपवर दिसणारच नाहीत. कुणी प्यायलं नाही, कुणी विकलं नाही. "काटा बघ," तो म्हणाला, "लिटर खोटं बोलतं, किलो बोलत नाही."

दोन्हीकडच्या काट्याच्या पावत्या जुळवल्या. माल पंधरा टन आठशेच्या आसपास, फरक 20 किलोचा. नव्वद लिटर खरंच गेलं असतं तर सत्तर किलोंच्या वर फरक निघाला असता.

तेव्हा भरताना नुसता डिप लिहून घेऊन सही करू नका. तापमान आणि घनता लिहून द्यायला लावा. नाही म्हणाले तर सही करण्याआधी स्वतःच्या वहीत वेळ टाकून लिहा. काट्याच्या पावतीचा फोटो गेटबाहेर आल्या आल्या काढा, कारण मूळ पावती मालकाकडे गेली की परत दिसत नाही. आणि कामावर लागतानाच विचारा, घट कापणार ती डिपवर की काट्यावर. उत्तर टाळलं तर दुसरा मालक बघा.

अनमोडऐवजी चोर्ला घाटातून जवळ पडतं असं सांगणारे भेटतील. ते कार चालवतात. संकेश्वरवरून गडहिंग्लज, आजरा, आंबोली, बांदा हा रस्ता मला स्वतःला बरा वाटतो, पण वाटेत महाराष्ट्र लागतो आणि कागदावर मार्ग अनमोडचा असेल तर अडवल्यावर तुमचं कोण ऐकणार? मार्ग बदलायचा असेल तर तो भरण्याआधी कागदावर बदलून घ्या.

परतीला गाडी रिकामी म्हणून बिडी पेटवू नका. रिकाम्या टाकीत वाफ असते, ती भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. माझ्या क्लीनरला हे दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा ओरडून.

पावत्या दाखवल्यावर मालकानं 2700 परत दिले. बाकीचे पुढच्या महिन्यात म्हणाला, तो महिना अजून यायचाय. मंगळवारी परत वास्को आहे. या खेपेला भरायला सकाळी सातचा नंबर मागितलाय.