पाव क्रमांक १४: पाकिटाच्या तळातले ओट्स

काल रात्री साडेदहाला ओट्सच्या पावाच्या माझ्या प्रयोगातला चौदावा पाव कापला आणि खालचा चिकट पट्टा नव्हता. अकराव्या आणि बाराव्या पावात तळापासून बोटभर उंचीचा जो ओलसर, साबणासारखा थर बसला होता, तो पूर्ण गेला. जाळी बारीक आणि मोकळी, सुरी कोरडी. दीड तास पाव गार होऊ दिला होता, त्यामुळे निकाल पक्का आहे. खरं तर काल एक नाही, दोन पाव भाजले, १४-अ आणि १४-ब. दुसरा बिघडावा अशीच माझी इच्छा होती आणि तो हवा तसाच बिघडला. तेव्हा मला पहिल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

प्रमाण नवव्या पावापासून तेच आहे: मैदा २५०, कणीक १५०, ओट्स १००, पाणी ३६०, तेल २०, मीठ ९, इन्स्टंट यीस्ट ५, सगळं ग्रॅममध्ये. पाण्यातलं २०० ग्रॅम उकळून ओट्सवर ओतायचं आणि मिश्रण कोमट झालं की बाकीचं घालून मळायचं. कपाने मोजण्याला रामराम ठोकला तो यामुळे. ऑनलाइन मागवलेल्या संचातला २४० मिलिलिटर छापलेला कप काट्यावर ठेवून पाण्याने काठोकाठ भरला, तर २२४ ग्रॅम भरला. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे जवळपास एक ग्रॅम, त्यामुळे ही तपासणी घरीच दोन मिनिटांत होते. कुठलाही नवा कप आधी असा पाण्याने तपासा. काटासुद्धा तपासा: दहा रुपयांची दहा नाणी ठेवली की ७७ ग्रॅम दिसायला हवेत.

ग्रॅमवर आल्यावर प्रश्न सुटायला हवा होता. नववा आणि दहावा पाव छान झाले. अकरावा चिकट, बारावा त्याहून चिकट, तेरावा पुन्हा छान. प्रमाण तेच, ओव्हन तोच, टिन तोच. यीस्टवर संशय घेतला तो फोल ठरला, कारण पाव फुगत होता. मग पावसाळी हवेवर घेतला. ठाण्यात जुलैमध्ये मीठसुद्धा वाटीत ओलं होतं, मग ओट्स का होणार नाहीत? १०० ग्रॅम ओट्स ताटलीत पसरून रात्रभर ओट्यावर उघडे ठेवले. सकाळी १०३ ग्रॅम. म्हणजे हवेतलं पाणी शोषलं जातं हे खरं, पण ३६० ग्रॅम पाण्यापुढे ते ३ ग्रॅम काय करणार? तेवढ्याने बोटभर थर बसत नाही. तरी झाकण घट्ट लावायला लागले, ते चांगलंच झालं.

धागा सापडला तो वहीत. मी प्रत्येक पावाशेजारी पाकीट कधी फोडलं ते लिहिते. नववा आणि दहावा पाव पाकिटाच्या वरच्या भागातून, अकरावा आणि बारावा तळातून, तेरावा नव्या पाकिटाच्या वरून. इतके दिवस ही ओळ डोळ्यांसमोर होती.

हे सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, तळाला चुराच असतो. पोह्यांचा नसतो का? चाळल्याशिवाय आपण चिवडा करतो का?" मग त्यांनी त्यांच्या माहेरच्या पायलीची गोष्ट सांगितली. चार शेरांची पायली, पण ते भरायचं माप. तांदळाची पायली आणि पोह्यांची पायली काट्यावर सारखी कधीच भरत नसे, आणि शीग लावून, म्हणजे वर रास करून, दिली की सपाट, यावरून भांडणं होत. माप आणि वजन वेगळं, हे त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक होतं.

मग आधी वजनं केली. पाण्याने तपासलेला खरा २४० मिलिलिटरचा स्टीलचा कप घेतला. वरचे ओट्स, न दाबता, पट्टीने सपाट करून: ८४ ग्रॅम. तेरावा पाव करताना जपून ठेवलेले जुन्या पाकिटाच्या तळातले ओट्स, त्याच पद्धतीने: १०१ ग्रॅम. अमेरिकन पाकिटांवर अर्धा कप म्हणजे ४० ग्रॅम असं छापलेलं असतं, म्हणजे कपाला ८०. पाकृतींमध्ये हाच कप ८० पासून १०० ग्रॅमपर्यंत भेटतो. मला वाटायचं की लिहिणाऱ्यांचा हलगर्जीपणा असेल, पण पाकिटाच्या वर आणि तळाला ही दोन्ही टोकं आहेत. अख्ख्या पाकळ्या आडव्यातिडव्या पडतात आणि मध्ये हवा ठेवतात. चुरा त्या फटींत जाऊन बसतो, आणि पाकीट हलत राहिलं की खाली उतरतो. (स्टील-कट ओट्स घेणाऱ्यांनी कपाचा हिशेब पूर्ण विसरावा. ते टणक तुकडे कपात १७० ग्रॅमच्या आसपास भरतात, आपल्या चपट्या पाकळ्यांच्या, म्हणजे रोल्ड ओट्सच्या, दुप्पट.)

पण मी तर वजनानेच घेत होते! कपातला गोंधळ समजला, पावातला नाही. म्हणून जांभळी नाक्याला जाऊन साधारण दोन मिलिमीटर भोकांची चाळण आणली. दुकानदारांनी पट्टी लावून भोकं मोजू दिली, अशी दुकानं टिकायला हवीत. पिठाच्या चाळणीतून फक्त भुकटी पडते, तुकडे वर राहतात, त्यामुळे ती चालत नाही. नव्या पाकिटात उरलेले ९०० ग्रॅम चाळले तर ११४ ग्रॅम चुरा निघाला. १०० ग्रॅम अख्ख्या पाकळ्या १४-अ मध्ये, १०० ग्रॅम चुरा १४-ब मध्ये.

फरक भिजवतानाच दिसला. वीस मिनिटांनी पाकळ्यांच्या भांड्यात तळाशी थोडं पाणी सुटं होतं. चुऱ्याच्या भांड्यात चमचा उभा राहत होता. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा पाण्यात विरघळणारा तंतू असतो, ओट्सची कांजी दाट होते त्यात त्याचा मोठा वाटा. तुकडे जितके बारीक, तितका पृष्ठभाग मोठा आणि तितका तो लवकर पाण्यात उतरतो. शिवाय ओट्समध्ये गव्हासारखं ग्लुटेन नाही. त्यामुळे बारीक चुरा कणकेत सगळीकडे पसरला की मैद्याने बांधलेली जाळी जागोजागी पातळ होते आणि तो जड लगदा खाली बसतो. १४-ब मध्ये पट्टा बरोबर तिथेच, बोटभर उंचीचा.

आता इथून पुढे दरवेळी चाळायचं आणि चुरा वेगळा काढायचा, असं लिहायला बसले होते. चुरा वाया जाणार नाही, मिक्सरला फिरवून नानकटाईत घालता येईल. पीठ करताना मात्र कपावर कप मोजू नका. एक कप पाकळ्यांचं पीठ पाऊण कपच भरतं, आणि ताजं दळलेलं तर हवेने फुगलेलं असतं. बदलत नाही ते फक्त वजन.

पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलं. चाळायचं कशाला? पाकीट फोडल्याबरोबर सगळे ओट्स परातीत ओतून हलक्या हाताने वर-खाली करायचे आणि मग शंभर-शंभर ग्रॅमच्या पिशव्या भरायच्या. प्रत्येक पिशवीत चुऱ्याचा वाटा सारखाच येईल. पाकिटागणिक फरक राहील तो राहील, त्यासाठी एका पिशवीचा चुरा चाळून मोजायचा आणि भिजवायच्या पाण्यात थोडं कमी-जास्त करायचं. दहा-बारा ग्रॅम चुऱ्याला किती पाणी कमी, ते अजून ठरवायचं आहे. ३६०, ३५० आणि ३४० असे तीन छोटे गोळे करून बघणार.

म्हणजे रविवारचा बेत बदलला. बाजरी घालून पंधरावा पाव करायचा होता, तो पुढे ढकलला. उद्या नवं पाकीट आणते आणि मोठी परात काढून ठेवते. १४-ब चे काप करून मंद आचेवर टोस्ट केले, सासूबाईंना चहाबरोबर ते आवडले.