पंखा बंद करा, शूटिंग चालू आहे

२००९ ला अमळनेरला गाळा घेतला तेव्हा आमचं काम म्हणजे लग्न. हळद, वरात, मंगलाष्टकं, पाठवणीला नवरीची माय रडतेय तिचा क्लोजअप, आणि शेवटी तीन तासांची डीव्हीडी जी एकदा बघून शोकेसमध्ये जाऊन बसते. मी आणि माझा चुलतभाऊ दोघंच, तो कॅमेरा धरायचा, मी एडिटिंग. पैसे बरे मिळायचे, खोटं कशाला बोलू.

मग २०२० आलं. अखाजी (अक्षय तृतीया) २६ एप्रिलला होती आणि बाहेर लॉकडाऊन. त्या एका दिवसाच्या ४ ऑर्डरी होत्या आमच्याकडं, सगळ्यांचे ॲडव्हान्स परत केले आणि दोघं घरी बसलो. तेव्हा ओळखीच्या एका गणिताच्या सरांचा फोन आला की क्लास बंद आहे, पोरं घरी आहेत, व्हिडिओ करून द्याल का. म्हटलं देऊ की, त्यात काय अवघड, लग्नात हजार माणसं आवरतो तर एक सर आणि एक फळा आवरणार नाही का!

पहिला व्हिडिओ ५२ मिनिटांचा झाला. दोन कॅमेरे लावले, मधे झूम, सुरुवातीला म्युझिक, सरांचं नाव फिरत फिरत येतंय. अगदी लग्नासारखा. सर अर्धा वेळ फळ्याकडं तोंड करून, म्हणजे आवाज भिंतीत आणि पाठ कॅमेऱ्यात. पोरांना लिंक पाठवली. दोन दिवसांनी पोरं किती वेळ बघतात त्याचा ग्राफ उघडला तर चौथ्या मिनिटाला रेघ जी खाली पडली ती पडलीच. एक पोरगा सरांना म्हणे, सर, वर्गसमीकरण कुठं चालू होतं ते शोधता शोधता माझा दिवसाचा दीड जीबी संपला.

त्या रात्री बसून वाचायला लागलो की लोक हे काम करतात तरी कसं. एडएक्स नावाची ऑनलाइन कोर्सची साइट आहे, तिथल्या ६९ लाख वेळा बघितल्या गेलेल्या व्हिडिओंचा अभ्यास २०१४ ला छापून आला होता. व्हिडिओ कितीही लांब करा, माणूस साधारण ६ मिनिटांच्या पुढं टिकत नाही, असं त्यात निघालं. आणि दुसरी गोष्ट वाचून तर माझं तोंडच उतरलं, की महागड्या स्टुडिओत केलेल्यापेक्षा मास्तरांनी आपल्या टेबलापाशी बसून साधेपणानं समजावलेलं लोकांना जास्त धरून ठेवू शकतं. आम्ही नुकतीच कर्ज काढून क्रेन घेतली होती.

तिथून कागद सुरू झाला. आमच्या धंद्यातली सगळ्यात महागडी वस्तू कोणती विचाराल तर कॅमेरा नाही, हा कागद. एका व्हिडिओला एक पान. सगळ्यात वर एकच ओळ, हा बघून झाल्यावर पोराला काय करता आलं पाहिजे. "वर्गसमीकरण समजणे" असं लिहिलं की मी कागद परत करतो, समजणे म्हणजे काय, कसं कळणार मला? "अवयव पाडून वर्गसमीकरण सोडवता येणे" असं पाहिजे. आणि त्या ओळीत "आणि" आलं की समजायचं हे दोन व्हिडिओ आहेत. खाली उदाहरण कोणतं, त्यातले आकडे आधी सोडवून बघितलेले (कॅमेऱ्यासमोर चुकलेलं उत्तर सुधारताना सरांचा घाम बघितलाय मी), पोरं नेमकी कुठं चुकतात, आणि बोलताना स्क्रीनवर काय दिसणार. स्क्रीनवर अख्खं वाक्य लिहून तेच वाचून दाखवायचं नाही हे सरांच्या गळी उतरवायला महिना गेला, कारण फळ्यावर आयुष्यभर तेच केलेलं. आमचे सर मिनिटाला ११० च्या आसपास शब्द बोलतात हे घड्याळ लावून मोजलं, म्हणजे ५ मिनिटांना साडेपाचशे शब्द, त्याच्या वर गेलं की कापायचं. कापताना सर नाराज व्हायचे, आता स्वतःच कापून आणतात.

लोक म्हणतात कागदाचे कसले पैसे लावता भाऊ, शूटिंगचे घ्या. मी कागदाचे वेगळेच लावतो आणि आधी घेतो. त्यामागं एक दुखणं आहे. एका संस्थेनं १२० व्हिडिओंची ऑर्डर दिली, तोंडी. ४० झाले आणि त्यांचं म्हणणं बदललं, हा विषय असा नको तसा पाहिजे, परत करा. कागदावर सही नव्हती. ते पैसे गेले ते गेलेच. वर त्या सगळ्या व्हिडिओत शिकवणाऱ्या मॅडम "मागच्या व्हिडिओत आपण बघितलं" आणि "यंदाच्या परीक्षेला" असं बोलल्या होत्या, त्यामुळं तुकडे काढून दुसरीकडं वापरायचीही सोय राहिली नाही. आता ही दोन वाक्यं आमच्याकडं बंदच.

आणि आवाज! चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, आवाज घुमला की बंद करतात. आमच्या खोलीत इतकं घुमायचं की सर विहिरीतून बोलतायत असं वाटायचं. बाजारात त्यासाठीचा फोम बघितला, भाव ऐकून परत आलो आणि गादीवाल्याकडून रुईच्या ६ गाद्या भरून भिंतींना उभ्या केल्या, वर गोधड्या टांगल्या. कापसाच्या मुलखात राहून फोम कशाला विकत घ्यायचा. पण गाद्यांनी खोली तापते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४४-४५ ला, पंखा लावला तर माइकमध्ये भणभण, कूलर तर विचारूच नका. मग एसी लावून खोली गार करायची, एसी बंद, दार बंद, पंधरा-वीस मिनिटं काय ते रेकॉर्ड करायचं, सर घाम पुसतात, परत एसी. त्यात सुरत-भुसावळ लाइन जवळ, गाडीचा हॉर्न वाजला की टेक गेला. गाड्यांच्या वेळा आमच्या भिंतीवर लिहिल्यात.

बारीकसारीक चुका तर किती. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकायचं, आपल्या लाइटीची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ म्हणून कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदाला ठेवायचं हे पार उशिरा कळलं. काही मोबाइल एका सेकंदाला कधी ३० फ्रेम घेतात कधी २८, मग वेगळ्या माइकचा आवाज जोडला की शेवटी ओठ एकीकडं आणि शब्द दुसरीकडं. आधी फाइल एका वेगाची करून घ्यायची, मगच एडिटिंगला बसायचं.

गेल्या वर्षी चोपड्याकडच्या एका रोपवाटिकेनं केळीचा कोर्स करायला दिला, शेतकऱ्यांसाठी २४ व्हिडिओ. इथं आमचा कागद पहिल्यांदा शेतानं हाणून पाडला. गणित कधीही शूट होतं, केळी होत नाही. कांदेबागेची (केळीचाच एक हंगाम) लागण ऑक्टोबरात, मग बुंध्याशी फुटलेली पिलं कापणं, मग निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, त्यानंतर केळफूल काढणं, खालच्या फण्या कमी करणं, घडाला बॅग घालणं, जे त्या आठवड्यात शेतात चाललंय तेच शूट होणार. चुकलं तर पुढच्या बागेची वाट बघा. शूटिंग दुपारी नाहीच, मोबाइल तापून कॅमेरा आपोआप बंद होतो, सकाळी ७ ते ९ काय ते.

पहिले ३ व्हिडिओ तिथल्या साहेबांच्या भाषेत केले, "घड व्यवस्थापन", "अनावश्यक फुटव्यांचे निर्मूलन" वगैरे. एका शेतकरी आप्पांना दाखवले. पूर्ण बघितलं, शांतपणे मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "माले काहीच समजनं नही." तिन्ही फेकले. आता आप्पाच बोलतात, अहिराणीत, हातात कोयता घेऊन. कागदावरचं एक अक्षर बोलत नाहीत, ५ मिनिटांचे ९ होतात, आम्ही त्याचे दोन करतो.

परवा संध्याकाळी त्यांचाच फोन, घड बाहेर पडायला लागलेत, उद्या सकाळी या. आणि उद्या आमची पारोळ्याला हळद घेतलेली. शेवटी चुलतभाऊ क्रेन घेऊन हळदीला गेला आणि मी ट्रायपॉड घेऊन केळीत.