आमची वाटचाल: खोक्यांचा कारखाना, बिनव्याजी भांडवल आणि गदीर

चिपळूणला आम्ही पुठ्ठ्याची खोकी बनवतो. आंबा, काजू, कोकमाच्या बाटल्या आणि लोट्याच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांचा थोडा माल, एवढा आमचा व्याप. वडील कुवेतहून कायमचे घरी आले तेव्हा त्यांच्या बचतीतून पहिलं मशीन घेतलं. पुढे धंदा माझ्याकडे आला.

या धंद्यात पैसा नेमका कुठे अडकतो ते आधी सांगतो. आंब्याच्या खोक्यांचा कागद जानेवारीतच भरून ठेवावा लागतो. खोकी मार्चपासून जातात. बागायतदाराला वाशीच्या दलालाकडून पट्टी मिळते, मग तो आमचे पैसे देतो, तोवर जून उजाडतो. मधले पाच महिने गाडा कोणाच्या पैशावर चालवायचा? इतरांसारखाच मीही बँकेच्या कॅश क्रेडिटवर चालवायचो. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं आणि व्याज भरायचं. अवकाळीने मोहोर झडला, बागायतदार हवालदिल झाला, तरी व्याजाचा आकडा जागचा हलत नसे. वडिलांना हे कधीच रुचलं नाही. आम्ही कोकणी मुसलमान, सुन्नींतल्या शाफई परंपरेचे. व्याज हराम हे घरात लहानपणापासून ऐकलेलं. पण बँकेशिवाय धंदा कसा करायचा, हे सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

भेटले ते डोंगरीत. वापीच्या गिरण्यांचा क्राफ्ट पेपर आम्ही मुंबईतल्या एका व्यापाऱ्याकडून घेऊ लागलो. वयाने वडिलांच्या बरोबरीचे, खोजा शिया इस्ना अशरी, म्हणजे बारा इमाम मानणारे शिया. मी त्यांना चाचा म्हणतो. रोखीचा भाव एक, साठ दिवसांच्या उधारीचा भाव दुसरा, आणि सौदा होतानाच कुठला ते पक्कं करायचं. ठरला तो भाव कायम. साठाचे नव्वद दिवस झाले तरी वर एक पैसा नाही. आपल्याकडे कागदाच्या जवळजवळ प्रत्येक बिलावर तळाला छापलेलं असतं, ‘मुदतीनंतर 24 टक्के व्याज आकारले जाईल’. चाचांच्या बिलावर ती ओळ नव्हती. कारण विचारलं तर त्यांनी कुराणातल्या सूरह बकराची 280 वी आयत सांगितली: कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या. आणि मग हजरत अलींचं, म्हणजे पैगंबरसाहेबांचे जावई आणि शियांचे पहिले इमाम यांचं, एक वचन सांगितलं. इराकमधल्या कूफ्यातल्या व्यापाऱ्यांना ते म्हणत, आधी फिकह (धर्माचे कायदे), मग व्यापार. या उम्मतीत (मुस्लिम समाजात) व्याज हे गुळगुळीत दगडावरून चालणाऱ्या मुंगीपेक्षाही लपून चालतं.

हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. मी वाचायला लागलो.

व्याज हराम असण्याबद्दल सुन्नी आणि शिया यांच्यात काही वाद नाही, हे स्वच्छ सांगितलं पाहिजे. मी पुढे शिया झालो, पण व्याज सोडायला म्हणून कोणी शिया होत नाही. माझं असं झालं की व्याजाचा माग काढत मी पैगंबरसाहेबांच्या शेवटच्या हजपर्यंत पोचलो. हिजरी सन 10, म्हणजे 632. मक्केजवळच्या अरफातच्या खुतब्यात (प्रवचनात) त्यांनी जाहिलियतचं, म्हणजे इस्लामपूर्व काळाचं, सगळं व्याज रद्द केलं, आणि सर्वांत आधी कोणाचं, तर स्वतःच्या चुलत्याचं, अब्बास इब्न अब्दुल मुत्तलिब यांचं. कायदा आधी स्वतःच्या घराला लावला. मी पुढे वाचत राहिलो. त्याच हजवरून परतताना, 18 जिल्हिज्जाला, गदीर खुम्म इथे काफिला थांबवला, पुढे गेलेल्यांना मागे बोलावलं, मागचे येईपर्यंत वाट पाहिली आणि अलींचा हात उंचावून जाहीर केलं, ‘ज्याचा मी मौला, त्याचा हा अली मौला.’ मौला म्हणजे स्वामीही आणि जिवलगही. ही हदीस (पैगंबरसाहेबांचं वचन) सुन्नी ग्रंथांतही आहे. सुन्नी आलिम (धर्मपंडित) तिच्यात अलींवरच्या प्रेमाचा आदेश पाहतात. त्यांचा मला आदर आहे. पण तळपत्या उन्हात एवढा जनसमुदाय थोपवून सांगितलेली गोष्ट उम्मत पुढे कोणाच्या हाती द्यायची याचीच असणार, असं माझं मन मला सांगू लागलं.

त्यानंतर आपला सेनापती मालिक अश्तर याला मिसरचा (इजिप्तचा) कारभार सोपवताना अलींनी लिहिलेलं पत्र वाचलं. त्यात सैन्य आहे, न्यायाधीश आहेत, महसूल आहे, आणि व्यापारी-कारागीरही आहेत. हे लोक दूरदूरच्या वाटांनी माल आणतात, त्यांना जप, असं ते सांगतात. आणि त्यांच्यातल्या साठेबाजांना रोख, भाव असा असू दे की विकणारा आणि घेणारा दोघांवरही अन्याय होणार नाही. मला ज्याच्या मागे चालायचं होतं तो इमाम मला इथे सापडला. डोंगरीच्या मुघल मशिदीत, 1860 साली इराणी व्यापाऱ्याने बांधलेल्या त्या निळ्या फरशांच्या वास्तूत, मोहर्रमच्या मजलिसींना (शोकसभांना) मी जात राहिलो आणि एका वर्षी चाचांच्या साक्षीने मी अहले बैतचा (पैगंबरसाहेबांच्या घराण्याचा), म्हणजे शिया मार्ग स्वीकारला. आई आजही हात बांधून नमाज पढते, मी शेजारीच हात सोडून, सजदागाहवर (मातीच्या छोट्या वडीवर) माथा टेकून पढतो. मोठे भाई काही काळ बोलायचे बंद होते. आता ईदला एका दस्तरख्वानावर जेवतो.

धंद्यात बदल मात्र एका दमात झाला नाही. भारतात बँकेत बिनव्याजी खिडकी नाही. रघुराम राजन समितीने 2008 साली तिची शिफारस केली होती, 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विचार बाजूला ठेवला. त्यामुळे जे करायचं ते करारानेच. चाचांनी भागीदारीची तयारी दाखवली, मुशारका. भांडवल त्यांचं 60 टक्के, माझं 40. काम माझं, म्हणून नफ्यात मी 55, ते 45. तोटा मात्र भांडवलाच्याच प्रमाणात. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत देणंघेणं लिहून ठेवायचा हुकूम आहे, साक्षीदारांसकट, म्हणून सगळं स्टँपपेपरवर केलं. सीएने नेहमीचा मसुदा पाठवला. त्यात सातव्या कलमात शांतपणे बसलेलं होतं: ‘भागीदारांच्या भांडवलावर सालीना 12 टक्के व्याज’. आयकरात तेवढी वजावट मिळते, म्हणून बहुतेक भागीदारीपत्रांत हे कलम असतं आणि कोणी वाचतही नाही. चाचांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, “बेटा, ही ती मुंगी.” कलम काढलं. वजावट गेली, ती जाऊ दिली. कॅश क्रेडिट फेडून बंद केलं, बँकेत आता फक्त चालू खातं आहे.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. आमचं गोदाम बाजारपेठेजवळ, भाड्याचं. क्राफ्टची रिळं उभी रचलेली असतात; खालच्या रिळांनी पाणी ओढलं, ती फुगून फाटली आणि वरची थप्पी त्यांच्यावर आडवी झाली. तयार खोक्यांचा लगदा झाला. चिखल उपसता उपसता मी चाचांना फोन केला. त्यांनी आधी माणसं सुखरूप आहेत का विचारलं. मग म्हणाले, नुकसानीचा हिशेब नीट मांड, 60 टक्के माझे. कर्ज असतं तर पाणी ओसरायच्या आत हप्त्याची तारीख आली असती. इथे ज्याचा पैसा, त्याने तोटाही उचलला. इराकमधल्या नजफचे शिया धर्मपंडित आयतुल्लाह मुहम्मद बाकिर अस-सद्र यांनी कुवेतहून आलेल्या विचारणेवरून बिनव्याजी बँकेची योजना लिहिली होती. बँकेने ठेवीदार आणि उद्योजक यांच्यामधला दुवा व्हावं, ठेवीची हमी घ्यावी, नफ्यात वाटा घ्यावा. 1980 साली सद्दामच्या राजवटीने त्यांना मारलं. त्यांचं लिखाण मी पूर आल्यानंतर पुन्हा वाचलं, तेव्हा ते जास्त कळलं.

खुम्स, म्हणजे धर्मासाठी पाचवा हिस्सा काढणं, मात्र माझ्यासाठी अगदी नवं होतं. सुन्नी फिकहमध्ये तो युद्धातली लूट, पुरलेला खजिना अशा गोष्टींवर. शियांत वर्षाच्या खर्चातून उरलेल्या कमाईवरही. आमची हिशेबाची तारीख 15 जून. त्या दिवशी कारखान्यातली रिळं, स्टार्चच्या गोण्या, बँकेतली शिल्लक मोजतोच, शिवाय घरी बायको डब्यातले तांदूळ, साखर, चहापूड मोजते, कारण वर्षात न वापरलेलं तेही त्यात येतं. अर्धा हिस्सा सहमे इमाम (इमामांचा वाटा), मरजाच्या, म्हणजे ज्यांचा निर्णय आपण मानतो त्या थोर धर्मपंडितांच्या, परवानगीने दीनी कामाला. अर्धा सहमे सादात, गरजू सय्यदांना (पैगंबरसाहेबांच्या वंशजांना).

कामगारांसाठी कर्जे हसनाची, म्हणजे बिनव्याजी कर्जाची, पेटी सुरू केली आहे. मुलीचं लग्न, घराचं छप्पर, दवाखाना. जेवढे घेतले तेवढेच परत, पगारातून सोयीने. सदक्याचं (दानाचं) पुण्य दहापट आणि कर्ज देण्याचं अठरापट, अशी शियांचे सहावे इमाम जाफर सादिक यांची रिवायत (परंपरेने आलेलं वचन) आहे. पेटी सर्वांसाठी आहे, घेणाऱ्यांत हिंदू कामगार जास्त आहेत.

बँकव्यवहाराचे मसले (धार्मिक प्रश्न) बारीक आहेत, ते ज्याने त्याने आपल्या मरजाकडून समजून घ्यावेत. आमच्या ग्राहकांना आमच्या अटी माहीत आहेत: रोख आणि उधारीचे दोन भाव, ऑर्डर देतानाच एक ठरवायचा, बिलावर व्याजाची ओळ नाही. अडचण आली तर तारखेच्या आधी फोन करा. येत्या मोसमापूर्वी 5 प्लायचं (पाच थरांच्या पुठ्ठ्याचं) मशीन घ्यायचं आहे. चाचा त्यात हिस्सा घालतील आणि तो मी दरवर्षी थोडा थोडा विकत घेईन. भागीदारीपत्राचा मसुदा या वेळी मी स्वतः लिहितो आहे.