थापेच्या मागोमाग

सोमवार, रात्री

"आधी ढोल वाजतो, मग ते फूल उमलतं." मनू एवढंच म्हणाली आणि पळाली. चरईच्या हॉलमध्ये मखरामागच्या पडद्यावर मी प्रोजेक्टरने फूल टाकलं होतं, ढोलाच्या ठोक्यावर उमलणारं; बाकी सगळ्यांना ते आवडलं होतं. तरी घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. चूक काढायची म्हणून बोलली नव्हती ती, दिसलं ते सांगितलं. म्हणून जास्त लागलं.

उशीर होतो. पण नेमका कुठे? ज्या सॉफ्टवेअरमध्ये हे बनवलं त्या टचडिझायनरमध्ये एकेका कामाच्या चौकटी तारांनी जोडल्या की सगळं एकाच क्षणी घडतंय असं वाटतं, कारण प्रत्येक चौकटीत काहीतरी हलत असतं. प्रत्यक्षात प्रत्येक टप्पा थोडाथोडा वेळ खातो. आवाज येतो सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी, चित्र चालतं ६० फ्रेमने. म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला ७३५ नमुने आणि १६.७ मिलिसेकंद. ॲनलाइझ चॉप (चॉप म्हणजे आवाज आणि आकडे हाताळणारी चौकट) त्या ७३५ मधून एकच आकडा काढतो, इथवर ठीक. आवाजातले खालचे-वरचे सूर वेगळे करणारा ऑडिओ स्पेक्ट्रम मधे घातला की २०४८ नमुन्यांचा तुकडा लागतो, तो ४६ मिलिसेकंदांचा. खर्ज ओळखायचा तर जास्त वेळ ऐकावंच लागतं. ८० हर्ट्झचं एक आंदोलन पुरं व्हायलाच १२.५ मिलिसेकंद जातात. कितीही महागडं ग्राफिक्स कार्ड आणलं तरी यात फरक पडणार नाही.

त्यावर लॅग चॉप, आकड्याची उडी हळू करणारा. शिकवणारे सगळे तो लावायला सांगतात, थरथर जाते म्हणून. त्यात दोन आकडे असतात, चढतीचा आणि उतरतीचा. दोन्हीकडे ०.२ ठेवलं तर थाप पडल्यावर फूल जवळजवळ पुरतं उमलायला १२ फ्रेम जातात. डोळ्याला खुपते ती उतरतीची थरथर. तेव्हा चढती ०, उतरती ०.३. एवढ्याने निम्मं दुखणं जातं. माइक ढोलापासून दहा मीटर लांब असेल तर हवेतच २९ मिलिसेकंद गेले. प्रोजेक्टर तिरका ठेवून चित्र मेनूतून चौकोनी केलं, तर बऱ्याच प्रोजेक्टरना त्यालाही वेळ लागतो. स्टँडच सरळ करावा.

आज मात्र हे सगळं करायचा फार कंटाळा आला. एवढं शिकायचं, रात्री जागायचं, आणि शेवटी एका पोरीला दिसावं की चित्र मागे पडतंय. या वयात हे शिकायला बसलं की लोक कौतुक करतात, पण वायर पकडायला कोणी येत नाही. वरदला फोन करावासा वाटला. असो.

मग ढोलाचाच विचार केला. त्याला दोन तोंडं आहेत. एकीकडे हाताची थाप, घुमणारी, खर्जातली. दुसरीकडे टिपरू, कडक, टोकदार. वेळ टिपरूवरून घ्यावी आणि आकार थापेवरून. ऑडिओ फिल्टर चॉप दोन लावायचे, एक २००० हर्ट्झच्या वरचं सोडणारा, दुसरा १५० च्या खालचं. वरच्याला ॲनलाइझमध्ये मॅक्सिमम (सर्वांत मोठा आकडा), त्यापुढे ठोक्यावर फूल सुरू करणारा ट्रिगर चॉप: अटॅक (चढायचा वेळ) ०, रिलीज (उतरायचा वेळ) ०.४, रीट्रिगर डिले (पुढचा ठोका धरण्याआधीचा थांबा) ०.०८, नाहीतर एकाच ठोक्याला फूल दोनदा उमलतं. खालच्याचा आरएमएस (आवाजाची सरासरी ताकद) घ्यायचा आणि मॅथ चॉपमधून फुलाचा व्यास ठरवायचा. पहिली फ्रेम टिपरूवर उमटते, फुलाचा विस्तार थापेबरोबर मागून आला तरी चालतो. ढोलाचा नादही तसाच पसरतो.

उशीर पूर्ण जाणार नाही. तो जायलाच हवा असंही आता वाटत नाही, कारण फुलामागे विरत जाणारी आवडती शेपटी उशिरावरच उभी आहे. फीडबॅक टॉप (टॉप म्हणजे चित्र हाताळणारी चौकट) मागच्या फ्रेमचं चित्र परत हातात देतो. ते ट्रान्सफॉर्मने १.०१ पट मोठं करायचं, लेव्हलमध्ये ०.९८ ने मंद करायचं, कॉम्पोझिटमध्ये नव्या फुलाशी मॅक्सिममने (दोन्हींतलं उजळ ते ठेवून) जोडायचं आणि फीडबॅकच्या टार्गेट टॉपमध्ये तेच कॉम्पोझिट द्यायचं. ॲडने (बेरीज करून) जोडलं तर पडदा भराभर पांढरा होत जातो. आणि पिक्सेल फॉरमॅट ८ बिटचा (पूर्णांकातला) राहिला तर शेपटी कधीच पुरती विझत नाही: २४ गुणिले ०.९८ म्हणजे २३.५२, पूर्णांक करताना पुन्हा २४. दिवे मालवलेल्या हॉलमध्ये तो राखाडी धूर स्पष्ट दिसतो. लूपमधल्या सगळ्या चौकटींना कॉमन पानावर १६ किंवा ३२ बिट फ्लोट (अपूर्णांक ठेवणारा फॉरमॅट) दिलं की काळोख खरा काळा होतो.

ताशाचं अजून जुळत नाही. तर्री सुरू झाली की ठोके इतके दाट येतात की ०.०८ मध्ये निम्मे गळतात, आणि तो आकडा कमी केला तर ढोलाची फुलं दुहेरी होतात. ताशाला फूल द्यायचंच नाही. त्याच्या वरच्या पट्टीचा आरएमएस घेऊन शेपटीचा रंग शेंदरीकडून पिवळ्याकडे सरकवायचा. तिथे लॅग दोन्हीकडे ०.२ चालेल.