सवाना ते फोर्ट मोसे : ट्रॉलीवर पैसे घालवायच्या आधी वाचा

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या सवानाला जाणार असाल तर तिथली शहर दाखवणारी ट्रॉली (बस) टूर घेऊ नका. तिकीट महाग, वर बुकिंग फी वेगळी, पार्किंग वेगळं, आणि एवढं मोजून आम्हाला काय ऐकवलं, तर जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक ओगलथॉर्प फार दयाळू माणूस, १७३३ मध्ये त्याने इंग्लंडातल्या गरिबांसाठी आणि धर्मावरून छळ झालेल्यांसाठी हे शहर वसवलं आणि इथे गुलामगिरीला बंदी होती. बास, पुढे थेट भुताच्या गोष्टी! माझं डोकंच फिरलं.

बंदी होती हे खरंय, १७३५ चा कायदा होता. पण त्याच कायद्यात लिहिलं होतं की शेजारच्या कॅरोलायना वसाहतीतून पळून आलेला गुलाम सापडला तर मालकाला परत द्यायचा. म्हणजे आसरा कोणाला, तर आजच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमधून हाकललेल्या प्रोटेस्टंटांना, स्कॉटिश लोकांना, ज्यूंनाही मिळाला, काळ्या माणसाला नाही. बंदीमागे दयेपेक्षा भीती जास्त होती, दक्षिणेला स्पॅनिश फ्लोरिडा आणि गुलाम तिकडे पळतील ही धास्ती. १७५१ ला बंदी उठली आणि १७७५ पर्यंत पाचशेपेक्षा कमी असलेले गुलाम १८,००० च्या आसपास गेले. हे त्या टूरमध्ये एका वाक्यातही नाही.

त्यापेक्षा पायी फिरा, जुनं शहर सपाट आहे, बूट चांगले घाला कारण नदीकाठचे दगड आणि तिथल्या पायऱ्या वाईट आहेत. फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च बघाच. गुलामांनी दिवसभराचं काम संपवून रात्री बांधलेलं चर्च, वर गॅलरीतल्या बाकांच्या कडेला त्यांनी कोरलेल्या खुणा अजून आहेत, आणि खाली लाकडी जमिनीत नक्षीसारखी भोकं आहेत, चर्चवाले सांगतात की खाली लपलेल्यांना श्वास घेता यावा म्हणून केलेली. मी वाकून एका भोकावर बोट ठेवलं आणि बराच वेळ बोलायला सुचलं नाही. टायबी बीच केला, छान आहे.

पुढे आय-९५ महामार्गाने दक्षिणेला निघालात की वाटेत डेरियनला थांबा. १७३९ मध्ये इथल्या स्कॉटिश लोकांनी गुलामगिरी नको म्हणून अर्ज केला होता, अठरा जणांच्या सह्या. आणि त्याच गावाशेजारी बटलर आयलंडवर पुढे गुलामांकडून भाताची शेती करून घेतली गेली. ही जागा चुकवू नका, मला तरी अख्ख्या जॉर्जियाची गोष्ट इथेच कळली.

फ्लोरिडात शिरल्यावर जॅक्सनविलचा पट्टा मात्र भयंकर, ट्रकच ट्रक, सकाळी लवकर पार करा.

आता फोर्ट मोसे, फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन या जुन्या स्पॅनिश शहराच्या जरा उत्तरेला. इंग्रज वसाहतींतून पळून आलेल्या गुलामांना स्पॅनिश राजाने १६९३ पासून मोकळीक दिली होती, अट अशी की कॅथलिक व्हायचं आणि राजासाठी लढायचं. १७३८ ला त्यांचं हे वेगळं गाव झालं, शंभरेक माणसं, सैन्याचा कॅप्टन फ्रान्सिस्को मेनेंडेझ, स्वतः गुलामीतून सुटलेला. आणि १७४० मध्ये या गावावर चालून कोण आलं, तर तोच दयाळू ओगलथॉर्प! त्याच्या लोकांनी किल्ला घेतला, मेनेंडेझच्या माणसांनी स्पॅनिशांबरोबर जाऊन तो पहाटे परत मारला. स्पॅनिश लोकही धुतल्या तांदळाचे नव्हते, सेंट ऑगस्टीनमध्ये गुलाम होतेच. तरी या सगळ्या प्रवासात बघायची एकच जागा निवडायची असेल तर हीच.

फक्त दुपारी जाऊ नका. दलदलीवरच्या लाकडी वाटेवर सावली नाही, डास आणि बारीक चिलटं अक्षरशः फोडून काढतात, आमच्यातल्या दोघांचे पाय सुजले. मूळ जागा आता दलदलीत गेलीय, लांबूनच दिसते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, स्प्रे, भरपूर पाणी. म्युझियम आठवड्यातले सगळे वार उघडं नसतं, त्यामुळे आधी वार बघा आणि मगच हॉटेल बुक करा. ट्रॉलीचे वाचलेले पैसे मोसेच्या दानपेटीत टाका.