पोटरीवर हलका हात

मुलगा सात वर्षांचा, निदान ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू झिजवणारा जनुकीय आजार. पोटऱ्या चांगल्या भरदार. "पायांत जोर दिसतो की त्याच्या," आई म्हणाली. पण या आजारात पोटरी भरते ती चरबीने आणि कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या तंतूंनी. स्नायू आत झिजतच असतो. एमआरआयला बराच वेळ निश्चल पडावं लागतं, म्हणजे लहान मुलाला अनेकदा भूल. ड्युशेनमध्ये भुलेची काही औषधं जिवावर बेततात. म्हणून फोटोअकूस्टिक तपासणी ठरली.

लेझरचा काही नॅनोसेकंदांचा झोत आत जातो. रक्त, चरबी, कोलॅजेन तो शोषून किंचित तापतात, प्रसरण पावतात, आणि त्यातून उठणारी ध्वनिलहर कातडीवर ठेवलेला प्रोब टिपतो. हिमोग्लोबिन ओळखायला 760 आणि 850 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश, चरबीला 930 च्या आसपास, कोलॅजेनला 1000 च्या आसपास. खोली दोन-तीन सेंटीमीटरच मिळते, पण मुलाच्या पोटरीला तेवढी पुरते.

त्याला पालथं निजवलं. टाचेची शीर आखडलेली, म्हणून पावलं टेबलाच्या कडेबाहेर सोडली. गोगल सगळ्यांना, आईलाही. त्याचा गोगल नाकापाशी सैल होता. पट्टा आवळून फट बुजवल्याशिवाय लेझर सुरू केला नाही.

पहिल्या चित्रात स्नायूत रक्त जवळजवळ नव्हतंच. क्षणभर धस्स झालं. मग शेजारचं सोनोग्राफीचं चित्र नीट पाहिलं: कातडीखालचा चरबीचा थर चपटा झालेला. जेल कमी पडलं होतं, त्यामुळे प्रोब नकळत दाबला गेला आणि बारीक रक्तवाहिन्या पिळून निघाल्या होत्या. प्रोब उचलला. बोटभर जाड जेल घातलं, त्यातले बुडबुडे काढले (हवेतून ही लहर पुढे सरकत नाही), मनगट टेबलावर टेकवलं आणि प्रोब जेलवर नुसता ठेवला. तरंगलांबी एकामागून एक बदलते. मध्येच पाय हलला तर रक्ताचा आणि कोलॅजेनचा हिशेब एकमेकांत मिसळतो. "पाय झोपलाय, त्याला उठवू नकोस हं," एवढं त्याला पुरलं.

अर्ध्या मिनिटात रक्ताचा संकेत परतला. कोलॅजेनचा मात्र दोन्ही वेळा तितकाच चढा राहिला. तंतू दाबाने पिळून जात नाहीत. तो आकडा खरा होता.

कातडीतलं रंगद्रव्य, मेलॅनिन, वरच बराच प्रकाश शोषतं, म्हणून सावळ्या मुलाचा आकडा गोऱ्या मुलाच्या आकड्याशी ताडून पाहणं मला पटत नाही. त्याची तुलना त्याच्याशीच. गुडघ्यामागच्या वळीपासून प्रोबपर्यंतचं अंतर टेपने मोजलं आणि पायाच्या स्थितीसह नोंदवून ठेवलं. पुढच्या वेळी प्रोब तिथेच ठेवायचा आहे.