तुम्ही विचारलंत म्हणून: ती असील विकून का टाकत नाही?

"ताई, ती असील विकून का नाही टाकत?" नाशिकजवळ मखमलाबादच्या शिवारात आमच्या घरामागे डोकावणारा प्रत्येक जण हेच विचारतो. असील म्हणजे झुंजीसाठी ओळखली जाणारी कोंबडीची जात. त्यापुढचा प्रश्न त्याहून वाईट: "झुंजीला ठेवलीय का?" नाही हो. झुंजी लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि ही मादी आहे. अंडी कमी देते हे कबूल. गिरिराजासारख्या सुधारित जातीशी तिची तुलनाच नको. पण एकदा अंडी उबवायला खुडूक बसली की २१ दिवस हलत नाही, आणि पिल्लांवर कावळा उतरला तर आधी त्याच्या अंगावर जाते.

बाकीच्यांना मारते का? मारते. पण तुम्ही नक्की काय बघितलंत? दाण्यापाशी डोक्यात एक टोच बसली आणि समोरची बाजूला झाली, तर ते भांडण नाही, पहिला मान कुणाचा ते ठरतंय. गावरानही हेच करते. मानेची पिसं फुलली, दोघी समोरासमोर माना खाली-वर करू लागल्या आणि पाय पुढे करून उडाल्या, तर मात्र भांडण. गावरान कोंबड्यांचा निकाल बहुधा मिनिटभरात लागतो, हरलेली मान खाली घालून सटकते. असीलला ही माघार जमत नाही. दोन असील माद्या दमल्या की एकमेकींच्या पंखाखाली मान खुपसून उभ्या राहतात. बघणाऱ्याला वाटतं मिटलं. दम खाऊन पुन्हा सुरू.

त्यात तिचा तुरा वाटाण्याएवढा, बसका. चोचीत सापडतच नाही. गावरानचा उभा तुरा लगेच फाटतो आणि भळाभळा वाहतो. मार दोघींनी सारखाच दिला असला तरी रक्त एकीचंच दिसतं, आणि रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्याही तिथेच टोचतात. तेवढ्यापुरती जखमी बाजूला काढा, हळद लावा, पण जाळीआड, सगळ्यांना दिसेल अशी. आठ-दहा दिवस पूर्ण नजरेआड ठेवलीत तर परत येते ती परकी होऊन, आणि भांडण पहिल्यापासून.

"जागा वाढवा, आपोआप शांत होतील," असं मी कित्येकांना सांगितलंय. ते अर्धवट होतं. पळणारीच्या मागे असील फार लांब जात नाही. पळायची वाट बंद झाली की मारते. म्हणजे जागेपेक्षा कोपरा नडतो. कोपऱ्यात टोमॅटोची दोन कॅरेट पालथी घालून वर पत्र्याचा तुकडा टाकावा, दोन्हीकडून निघता येईल असा. दाणा-पाणी दोन ठिकाणी, एकीकडून दुसरीकडचं दिसू नये. बसायच्या काठ्या सगळ्या एकाच उंचीवर, कोंबडीमागे ८ ते १० इंच. एक काठी उंच ठेवली की रोज संध्याकाळी तिच्यावरूनच जुंपते. नवी कोंबडी एकटी कधी सोडू नये. दोघी-तिघी एकदम आणाव्यात, पंधरा दिवस जाळीआड ठेवाव्यात आणि अंधार पडताना काठीवर बसवाव्यात.

आता फेब्रुवारीतलं ते, ज्याचा दाखला सगळे देतात. असील आणि लाल गावरान चार दिवसांच्या अंतराने रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसल्या होत्या. असीलची ७ पिल्लं आधी निघाली, काळपट तपकिरी. गावरानची ११, बहुतेक पिवळी. दोघी एकाच खोपटात, मधे जाळी. जाळी द्राक्षबागेच्या कुंपणातून उरलेली, दोन इंची. मोठी कोंबडी त्यातून जात नाही, एवढाच विचार केला होता. तिसऱ्या दिवशी पिवळ्या पिल्लांच्या पायांत जोर आला. असील कणी उकरून कुट् कुट् करत आपल्या पिल्लांना बोलवायची, आणि ती हाक कुठल्याही पिल्लाला कळते. एकेक करून ती जाळीतून पलीकडे गेली. असीलच्या डोळ्यांत तोवर आठवडाभराची आपली पिल्लं बसलेली. पिवळं दिसलं की डोक्यावर एकच टोच. गावरान जाळीवर धडका देत होती. पाणी भरून परत येईपर्यंत चार गेली होती. पाचवं संध्याकाळी गेलं.

"खुनशी आहे," म्हणतात. नाही. हीच असील परकं पिल्लू पोसते. मात्र ते पहिल्या दोन दिवसांत, अंधारात पोटाखाली सरकवावं लागतं आणि रंगाने जुळतं असावं. पिल्लांची ओळख पटली की मग घेत नाही. दोष जाळीचा, म्हणजे माझा.

आणि तरी, तिच्या जागी दुसरी गावरान असती तर पाचही मेली असती? कदाचित दोन टोचून हाकलली असती. इथे माझी बाजू लंगडी पडते, आणि विकायला सांगणाऱ्यांना मी याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

आता खालून दीड फूट अर्धा इंची जाळी आहे, तिच्यावर शेडनेट, म्हणजे एकमेकींची पिल्लं दिसायलाच नकोत. आईला चार बाय चार फूट स्वतंत्र, निदान दोन महिने. सध्या असील गावरानच्या ९ अंड्यांवर बसली आहे. पिल्लं कुठल्या रंगाची निघतील देव जाणे. आणि लाल गावरान कालपासून खुराड्यातून उठत नाहीये.